स्केल थ्रीचा फॉर्म भरू का नको? सरकारी बँकेतला थकवा

कडूनिंब | रवि, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत स्केल टू (मॅनेजर दर्जाची) अधिकारी आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी. घर नाशिकला, नवरा आणि सातवीतली मुलगी तिकडे. स्केल थ्रीच्या, म्हणजे वरच्या पायरीच्या, प्रमोशनचं सर्क्युलर निघालंय. मी पात्र आहे, एपीएआरचे (वार्षिक कामगिरी अहवालाचे) मार्क चांगले आहेत, रिजनल ऑफिसमधून "मॅडम भरा, होऊन जाईल" असा फोनही आला. आणि माझ्याच्याने तो फॉर्म भरवत नाही.

कामाचा कंटाळा आलेला नाही, हे आधीच सांगते. बाजाराच्या दिवशीची गर्दी, एखाद्या बचत गटाच्या बायकांचं पहिलं कर्ज, हे मला अजून आवडतं. पण सकाळी शाखेचं शटर वर जायच्या आत ग्रुपवर एक्सेल येऊन पडते. आज अमुक योजनेचा 'लॉगिन डे', उद्या तमुक विम्याचा. ज्या शाखांचा आकडा शून्य, त्यांच्या ओळी लाल. दुपारी तीच एक्सेल परत, संध्याकाळी व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स). व्हीसीत लाल ओळवाल्यांनी कॅमेरा चालू ठेवून कारण सांगायचं. शाखेत मंजूर पदं किती आणि प्रत्यक्षात माणसं किती, हे कुणी विचारत नाही.

आताशा काय होतं, माणूस केबिनमध्ये येऊन बसतो आणि मला त्याचा चेहरा दिसायच्या आधी ४३६ दिसतात. (जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता.) ह्याचा काढलाय का, ह्याच्या बायकोचा काढता येईल का. रविवारी दुपार उतरली की पोटात गोळा येतो. झोप लागते, पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटत नाही.

तर प्रश्न: अशा अवस्थेत प्रमोशन नाकारलेलं कुणी इथे आहे का? नंतर पस्तावलात का? आणि प्रमोशन घेतल्यावर हे कमी झालं असं कुणाचं आहे का?

टिळकरोड_तिठा | रवि, रात्री ११:०५

आधी एवढंच सांगा, तुमच्या शाखेत लंच टाइम किती वाजता संपतो? माझ्या शाखेतला गेल्या शतकात सुरू झालाय.

ह. घ्या.

कडूनिंब | रवि, रात्री ११:१२

@तिठा, डबा केबिनमध्येच उघडते आणि उघडाच राहतो. घेतले हलके.

जुना_कॅशियर | सोम, सकाळी ६:२०

ताई, मी १९७८ साली क्लार्क म्हणून लागलो, निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. आमच्या वेळी सगळं छान होतं वगैरे म्हणणार नाही. लेजरं डोक्याएवढी, सहामाही बॅलन्सिंग जुळेना तर रात्री दहा-दहा वाजायचे, आणि चार पैशांच्या फरकासाठी आख्खी शाखा पानं उलटत बसायची. व्याज हाताने काढायचो.

पण एक होतं. कॅश टॅली झाली, व्हॉल्टला दोन किल्ल्या लागल्या की दिवस संपायचा. घरी गेल्यावर बँक खिशात वाजत नव्हती. तुमचा दिवस संपतो कधी, हेच मला कळत नाही. माझी सून बँकेत आहे, ती रात्री अकराला 'डन सर' असं टाइप करते.

दुसरं म्हणजे माणसं. २०००-०१ च्या व्हीआरएसमध्ये (स्वेच्छानिवृत्तीत) सरकारी बँकांतून लाखभर लोक बाहेर पडले, जाणती आणि अनुभवी. त्यानंतर खाती किती वाढली बघा, एकट्या जनधनने (२०१४) किती भर घातली. मग नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, मग मर्जर. २०१७ ला सरकारी बँका २७ होत्या, आज १२. कागदावर शाखा कमी झाल्या, पण एका शाखेच्या जागेत दोन शाखांचे ग्राहक आले.

बग_फिक्सर | सोम, सकाळी ९:४०

सगळी सहानुभूती आहे, पण थोडं कडू बोलतो. आमच्या हिंजवडीत शुक्रवारी संध्याकाळी एचआरचं मीटिंग इन्व्हाइट येतं आणि सोमवारी आयडी कार्ड चालत नाही. टार्गेट आम्हालाही आहे, रात्रीचे कॉल आम्हालाही आहेत. तुमची नोकरी जात नाही, हे केवढं मोठं आहे याचा अंदाज आत बसलेल्याला येत नाही.

मुंगळा | सोम, सकाळी ९:५५

+१. आणि पगार १ तारखेच्या आतच होतो.

सातबारा | सोम, दुपारी १:३०

@बग_फिक्सर, नोकरी जात नाही हे खरं. पण तिच्यामागे काय काय लागतं ते सांगतो. मी ग्रामीण शाखेत ॲग्री ऑफिसर होतो, आता प्रशासकीय कार्यालयात आहे.

पीक कर्जाचं नवं-जुनं कसं चालतं हे शहरातल्यांना ठाऊक नसेल. शेतकऱ्याने जुनं कर्ज भरायचं आणि चार-आठ दिवसांत तेवढंच किंवा जरा वाढवून परत उचलायचं. वेळेत भरलं तर केंद्राची ३ टक्के व्याज सवलत, वर राज्याची पंजाबराव देशमुख योजना, म्हणजे ३ लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. कागदावर फार सुंदर. पण भरायला एकरकमी पैसे कुठून आणायचे? गावातल्या एखाद्याकडून आठवड्यापुरते शेकड्याने उचलायचे. हे आम्हाला माहीत असतं, आमच्या साहेबांना माहीत असतं, सगळ्यांना माहीत असतं.

त्यात माफी. २०१७ ला दीड लाखापर्यंत झाली, २०१९ ला दोन लाखांपर्यंत. आता शेतकरी म्हणतो, "साहेब, यंदा थांबतो." त्याच्या जागी मी असतो तर मीही थांबलो असतो. दोन हंगाम थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा. मग फाइल बाहेर निघते. पाहणी अहवाल आहे का? फेरफार बघितला का? सातबाऱ्यावर बोजा चढवला का? सही कुणाची? सही माझी. ज्या मार्चमध्ये ती फाइल झाली त्या मार्चमध्ये "आज पन्नास झाल्याच पाहिजेत, रात्री कितीही वाजू देत" असा फोन आलेला असतो. त्या फोनची नोंद कुठेच नसते. टार्गेट तोंडी आणि जबाबदारी लेखी, अशी सगळी गंमत आहे. स्टाफ अकाउंटेबिलिटीची (थकलेल्या कर्जाला जबाबदार कोण, याची) नोटीस बदली होऊन तीन गावं पुढे गेल्यावर येते आणि उत्तर द्यायला जुन्या शाखेचा एक कागद हाताशी नसतो.

माझ्या ओळखीतले एक जण निवृत्तीच्या आदल्या महिन्यात अशा एका नोटिशीचं उत्तर लिहीत होते. निरोप समारंभाला हार घालून घेतला आणि परत केबिनमध्ये जाऊन बसले.

काम जास्त आहे म्हणून माणूस एवढा थकत नाही हो. वरून "कर" म्हणायचं आणि खालून "का केलंस" विचारायचं, ह्या दोन्हीच्या मध्ये उभं राहून थकतो.

बग_फिक्सर | सोम, दुपारी २:१०

हे माहीत नव्हतं. माझा मुद्दा सोडत नाही, पण हे माहीत नव्हतं.

वऱ्हाडची_पोर | सोम, दुपारी ३:४५

सगळे बँकवालेच बोलून राह्यले, म्हणून काउंटरच्या इकडून बोलते.

ऑगस्ट २०२४, लाडकी बहीणचे पहिले हप्ते. माझी आई खेड्यावरून तालुक्याले येत होती. पहिल्यांदा म्हणे आधार लिंक नाही. पुढच्या खेपेले म्हणे लिंक आहे, पण दुसऱ्याच खात्याले, आणि ते खातं बंद पडलेलं. मग म्हणे फॉर्म भरा, फोटो आणा, आठ दिवसांनी या. दरवेळी एसटीचं भाडं (महिलांले अर्धं तिकीट असलं तरी), दरवेळी मजुरी बुडते. आणि आतला साहेब मान वर न करता बोलते. तुम्ही थकले हे मान्य. माह्या मायनं कोणाच्या नावानं थकायचं?

कडूनिंब | सोम, रात्री ९:३०

@वऱ्हाडची_पोर, तुमच्या आईंचं शंभर टक्के बरोबर आहे. त्या ऑगस्टमध्ये माझ्या शाखेच्या पायऱ्यांवर सकाळी आठपासून बायका बसलेल्या असत. बहुतेकींची खाती जनधनची, व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय झालेली. मोबाइल नंबर नवऱ्याचा किंवा बदललेला, त्यामुळे ओटीपी कुणाला जातोय ते कुणालाच माहीत नाही. अंगठे उमटत नव्हते, कापूस वेचणाऱ्या बायकांच्या बोटांवर रेषाच राहिलेल्या नसतात. सिंगल विंडोला एक मुलगी, तिची नोकरी नवीन. ते दिवस भयंकर होते, पण खरं सांगू, त्या दिवसांत मला हा असला थकवा नव्हता. पाय दुखायचे, घसा बसायचा, आणि रात्री झोप यायची. एकेक खातं चालू झालं की ती बाई जे हसायची ते दिसायचं तरी.

आणि त्याच आठवड्यात दुपारच्या एक्सेलमध्ये माझी शाखा लाल होती. कारण विम्याचे फॉर्म शून्य.

फळा_आणि_खडू | सोम, रात्री ९:५०

जिल्हा परिषद शिक्षक. तुमच्या एक्सेलच्या जागी आमच्याकडे लिंक. "ही लिंक आज सायंकाळी ५ पर्यंत भरावी." शाळेत रेंज नाही, म्हणून लिंक भरायला मास्तर टेकडीवर आणि वर्गात पोरं मोकळी. बीएलओचं (मतदार यादीचं) काम आहेच, शिवाय पोषण आहाराची रोजची नोंद. पोरांना शिकवून कुणी शिक्षक थकलेला मी तरी पाहिला नाही.

टिळकरोड_तिठा | सोम, रात्री १०:०२

शिकवून थकायला आधी शिकवावं लागतं, गुरुजी.

फळा_आणि_खडू | सोम, रात्री १०:०९

तुमच्या शाखेतला लंच टाइम बरोबरच आहे मग. तुम्हाला पाहून ते खिडकी बंद करत असतील.

मुंगळा | सोम, रात्री १०:११

=))

तलाठीण_बाई_नव्हे | मंगळ, सकाळी ७:४५

अवांतर: माझे यजमान महसूल खात्यात आहेत. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, वेळ पावणेदहा ते सव्वासहा. आमच्याकडे शनिवार कधी दिसला नाही. अतिवृष्टी झाली की पंचनामे, निवडणूक आली की निवडणूक, मंत्री आले की मंत्री. तेव्हा तुम्ही बँकवाले मागताय त्या शनिवारच्या सुट्टीवर फार भिस्त ठेवू नका.

झेंडा_लाल | मंगळ, सकाळी ११:२०

युनियनच्या बाजूने थोडं.

सध्या बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे, तीही सप्टेंबर २०१५ पासून. ८ मार्च २०२४ च्या वेतन करारात पगारवाढ १७ टक्के ठरली आणि सगळे शनिवार सुट्टीचे करण्यावरही कर्मचारी संघटना आणि आयबीए (बँक व्यवस्थापनांचं मंडळ) यांचं एकमत झालं. बदल्यात रोज ४० मिनिटं जास्त काम करायची तयारी कर्मचाऱ्यांनी दाखवली. अडलंय सरकारच्या मंजुरीपाशी. मार्च २०२५ मध्ये २४ आणि २५ तारखेचा देशव्यापी संप पुकारला होता, मुख्य कामगार आयुक्तांसमोर बोलणी होऊन तो पुढे ढकलला. मागण्यांत पाच दिवसांच्या आठवड्याबरोबर भरतीही होती, हे कुणी लक्षात घेत नाही. वर्तमानपत्रं "बँकवाल्यांना अजून एक सुट्टी हवी" एवढंच छापतात.

सातबारा | मंगळ, सकाळी ११:५०

@झेंडा_लाल, पाठिंबा आहे, संपात पगारही कापून घेतलाय. पण भाऊ, चाळीस मिनिटं जास्त द्यायला आम्ही आधी वेळेवर सुटतो कुठे? शनिवारी सुट्टी मिळेल आणि शनिवारी सकाळी 'रिकव्हरी कॅम्प' लागेल. तोंडी टार्गेटबद्दल करारात एक ओळ घाला, मग शनिवार नाही मिळाला तरी चालेल.

झेंडा_लाल | मंगळ, दुपारी १२:१५

त्या ओळीवर सही कोण करणार, हाच तर प्रश्न आहे.

स्टेथोस्कोप | मंगळ, रात्री ८:३०

धागाकर्तीसाठी. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, जनरल प्रॅक्टिस करतो, तालुक्याच्याच गावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणी न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं. तीन गोष्टी सांगितल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तुम्ही जे 'चेहऱ्याआधी ४३६ दिसतात' लिहिलंय ते दुसऱ्यात बसतं. तिसरं तुमच्यात अजून दिसत नाही, बचत गटाबद्दल ज्या उत्साहाने लिहिलंय त्यावरून म्हणतो.

पण इंटरनेटवर वाचून स्वतःला लेबल लावण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, डी आणि साखर तपासून घ्या. चाळिशीच्या आसपासच्या, एकट्या राहणाऱ्या आणि डबा उघडा ठेवून काम करणाऱ्या बाईत यातलं एकही बिघडलेलं नसेल तर मला आश्चर्य वाटेल. आणि हे महत्त्वाचं: रविवारची धडधड सोमवारी काम सुरू झाल्यावर निवत नसेल, घरी गेल्यावरही कशात मन लागत नसेल, जगण्याचा कंटाळा येत असेल, तर ते कामापुरतं नाही. डिप्रेशनसाठी तज्ज्ञाला भेटायलाच हवं. गावात कुणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. बँकेच्या कुणाला कळण्याचं कारण नाही.

कोल्हापुरी_साज | मंगळ, रात्री ९:१५

मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच देईना म्हणून मी देते. मी प्रमोशन घेतलं, स्केल थ्री. काय झालं ऐका. आधी एका शाखेची लाल ओळ होती, आता मीच एक्सेल पाठवते. ती रंगवताना पहिले काही महिने वाईट वाटायचं. मग वाटेनासं झालं, आणि त्याचीच मला भीती वाटली. पैसे वाढले, गाडी मिळाली, घर लांब गेलं. पस्तावले का? निम्मी. शाखेतल्यापेक्षा शिव्या कमी खाते हे खरं आहे, आणि खोटं कशाला बोलू, अधिकार आवडतो.

एक खबरदारी: प्रमोशन मिळाल्यावर नाकारणं आणि फॉर्मच न भरणं यात फरक आहे. नाकारलं तर पुढची काही वर्षं अपात्र ठरवण्याची तरतूद बऱ्याच बँकांत आहे. तुमची पॉलिसी नीट वाचा, रिजनल ऑफिसातल्या फोनवर जाऊ नका.

निवांत_नागोठणे | मंगळ, रात्री ९:४०

मी स्केल टूवरच थांबलो. फॉर्म भरायचं मुद्दाम सोडून दिलं. धाकटे माझे साहेब झाले, पहिली दोन वर्षं लग्नकार्यात नातेवाईक "अजून मॅनेजरच का?" विचारायचे, आता तेही थकले. पण थांबलो म्हणून बदली थांबली नाही आणि टार्गेटही कमी झालं नाही. एवढा एक गैरसमज तुमचा असेल तर काढून टाका.

तुम्हाला प्रमोशनपेक्षा बदलीचा आणि रजेचा विचार करायला हवा असं वाटतं. तीन गोष्टी:

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने सरकारी बँकांना बदली धोरण सुधारायला सांगितलं. त्यात महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो जवळ नेमावं असं आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा.

बऱ्याच सरकारी बँकांत महिलांना सेवाकाळात विनापगारी सब्बॅटिकल (लांब रजा) घेता येते, दोन वर्षांपर्यंत. अटी बँकेगणिक वेगळ्या, एचआरचं सर्क्युलर काढा. मुलगी दहावीत जाईल तेव्हासाठी राखून ठेवायची का, तो हिशेब तुमचा.

तिसरी गमतीची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार संवेदनशील पदांवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीची रजा द्यावी लागते, तीही आधी न कळवता. लॉगिन बंद, फक्त ऑफिसचा मेल बघता येतो. तुमचं पद त्या यादीत आहे का, विचारा. हा नियम आपल्या विश्रांतीसाठी केलेला नाही बरं का. माणूस जागेवर नसताना त्याने केलेले घोटाळे बाहेर यावेत म्हणून आहे. माझ्या उभ्या नोकरीतली सगळ्यात शांत झोप मला ह्या संशयाच्या रजेत लागली. फोन वाजतच नाही!

सातबारा | मंगळ, रात्री ९:५८

'संशयाची रजा' =)) पण खरंय.

कडूनिंब, माझ्याकडून एक. व्हीसी संपल्यावर दोन ओळींची मेल टाकत जा, "आज सायंकाळच्या सूचनेनुसार उद्या अमुक इतकी प्रकरणं करण्याचे निर्देश मिळाले, शाखेत उपस्थित कर्मचारी इतके." भाषा अत्यंत नम्र. उत्तर येणार नाही, पण एक प्रत स्वतःच्या नावाने छापून ठेवा. मी सुरू केल्यावर पंधरवड्यात मला येणाऱ्या फोनांचा सूरच बदलला.

कोल्हापुरी_साज | मंगळ, रात्री १०:०५

असली मेल माझ्याकडे येते तेव्हा मला फार राग येतो. आणि मग मी त्या शाखेला जपून बोलते. करा.

कडूनिंब | शुक्र, रात्री ११:१५

उशिरा येतेय, तिमाहीअखेर होती.

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, बी-१२ अगदी तळाला निघालं, इंजेक्शनं सुरू केलीत. आश्चर्याची संधी हुकली तुमची. १४४१६ वरही बोलले एकदा, अर्धा तास. पुन्हा बोलणार आहे.

फॉर्मची मुदत आज होती, भरला नाही. कोल्हापुरी_साज यांचा 'वाटेनासं झालं' हा भाग दोनदा वाचला. पुढच्या वर्षी भरेन कदाचित, आत्ता नाही. बदलीचा अर्ज दिला, नोव्हेंबर २०२४ चा संदर्भ टाकून. त्यावर अजून कुणी काही बोललेलं नाही. सक्तीच्या रजेच्या यादीत माझं पद आहे आणि मला यंदा ती मिळालेलीच नाही, हे विचारल्यावर एचआरवाल्याने "अरे हो" म्हटलं. मेलचं अजून धाडस झालेलं नाही.

@वऱ्हाडची_पोर, आईंचं खातं झालं का सुरळीत?

वऱ्हाडची_पोर | शनि, सकाळी ८:१०

झालं जी ताई. त्या साहेबाची बदली झाली, नवीन बाई आहे, ती मान वर करते.

मुंगळा | शनि, सकाळी १०:३०

मुलगा आयबीपीएसची (बँक भरती परीक्षेची) तयारी करतोय, पुण्यात क्लास लावलाय, खोलीभाडं वेगळं. हा धागा वाचायला देऊ का त्याला?

निवांत_नागोठणे | शनि, सकाळी १०:५५

द्या की. फक्त पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) आणि क्लार्क दोन्हीचे फॉर्म भरायला सांगा. क्लार्कची भरती राज्यवार असते, इथली मराठी यावी लागते, घराजवळ राहण्याची शक्यता जास्त. पीओला देशात कुठेही टाकतात. पगारातला फरक बघून सगळे पीओकडे धावतात, आणि तिशीत माझ्यासारख्याला फोन करून विचारतात, क्लार्क व्हायला उशीर झाला का म्हणून.

टिळकरोड_तिठा | शनि, सकाळी ११:२०

आणि क्लार्क झाला तर माझ्या शाखेत पाठवा. खिडकी उघडी ठेवणारा एक तरी असू दे.